समोरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. वेताची बैठक, लाकडी पाठ, दोन हात आणि चार पाय. त्यातला एक पाय बोटभर आखूड. मित्रांनो, माझ्या वयाच्या खुर्च्या मोठ्या अभिमानानं सांगतात, की आमच्यावर बसायला घरात भांडणं व्हायची. माझं अगदी उलटं होतं. माझ्यावर बसायला कुणी तयार नसायचं. ढेकूण होते म्हणून नव्हे, शपथेवर सांगते! माझ्यावर बसलं की दुसऱ्याच्या बाजूनं बोलावं लागायचं, म्हणून.

हे कसं झालं ते सांगायचं, तर पार माझ्या लाकडापर्यंत मागं जावं लागेल.

माझं लाकूड आधी न्यायालयात होतं. साक्षीदार जिथं उभा राहतो, त्या कठड्याला पिंजरा म्हणतात. मी त्या पिंजऱ्याचा भाग होते. कितीतरी माणसं तिथं येऊन उभी राहिली. कुणी खरं बोललं, कुणी खोटं बोललं, पण कठडा मात्र सगळ्यांनी सारखाच घट्ट धरला. पुढं न्यायालयाची इमारत नवी झाली आणि जुनं लाकूड मोडीत निघालं. जवळच्या एका सुतारानं ते उचललं. पिंजऱ्याच्या कठड्याचे त्यानं माझे हात केले. म्हणून माझे हात अजून इतके गुळगुळीत आहेत. ती रंध्याची किमया नाही. तो घामाचा गुळगुळीतपणा आहे.

लाकूड मात्र शेवटी शेवटी पुरलं नाही, आणि माझा एक पाय आखूड राहिला. सुतार माणूस हुशार. गिऱ्हाईक माझ्यावर बसून डुगडुगलं, की तो शांतपणे म्हणायचा, "जमीन वाकडी आहे."

एके दिवशी त्याच्या दुकानात एक तरुण बाई आल्या. कायद्याच्या महाविद्यालयात नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. आल्या होत्या पुस्तकांची मांडणी घ्यायला, पण दमल्या होत्या म्हणून माझ्यावर टेकल्या. मी डुगडुगले.

"ही हलतेय," बाई म्हणाल्या.

"जमीन वाकडी आहे, बाई."

बाईंनी मला उचलून दाराशी ठेवलं. मी तिथंही डुगडुगले.

"इथलीही वाकडी?"

"अख्ख्या दुकानाचीच आहे हो! मालकाला किती वेळा सांगितलं."

बाई खळखळून हसल्या. "तुम्ही वकील व्हायला हवं होतं," असं म्हणून त्यांनी मांडणीबरोबर मलाही घेतलं. घरी त्यांच्या नवऱ्यानं पायाखाली घालायला लाकडाची चकती कापून आणली, तर बाईंनी ती घालू दिली नाही. का, ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नसावं.

त्यांची अभ्यासाची खोली पहिल्या मजल्यावर होती. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर पंपाचा फसफस आवाज यायचा. भिंतीभर लाल पाठीची जाड पुस्तकं, मधे टेबल, टेबलाच्या एका बाजूला बाईंची गादीची खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला मी. म्हणून माझं नाव पडलं समोरची खुर्ची.

बाईंचा विषय काय होता, ते मी तुम्हांला माझ्या अकलेनुसार सांगते. दुधात कुणी पाणी घालू नये, बसचे ब्रेक लागावेत, औषधात औषधच असावं, यासाठी सरकारला नियम करावे लागतात. नियम मोडणाऱ्याला थांबवणारा माणूसही लागतो. तो नसेल तर बळी तो कान पिळी. पण ज्याच्या हातात थांबवण्याची ताकद आहे, तोच चुकला तर? मग ज्याला थांबवलं त्या एकट्या माणसानं कुणाकडं बघायचं? बाईंचा सगळा अभ्यास या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत चालायचा. त्यावर त्या वाचायच्या, लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. आणि म्हणायच्या, "शिक्षा करण्याआधी माणसाला विचारावं, तुझं काय म्हणणं आहे? एवढं एक वाक्य नियमात असलं, तरी निम्मा अन्याय दारातच थांबतो."

रविवारी सकाळी त्यांचे विद्यार्थी घरी येत. जिन्यात चपलांचा ढीग पडायचा. मुलं जमिनीवर बसून तावातावानं वाद घालत. एखाद्याचा आवाज फार चढला, की बाई नुसतं माझ्याकडं बोट दाखवायच्या. त्या मुलाचा चेहरा लगेच उतरायचा. कारण या घराची एक रीत होती. ज्याला आपलंच खरं वाटतंय, त्यानं समोरच्या खुर्चीत बसायचं आणि ज्याच्याविरुद्ध तो बोलत होता, त्याची बाजू मांडायची. टिंगल करून नव्हे. अशी मांडायची, की ती व्यक्ती इथं असती तर म्हणाली असती, "हो, मला हेच म्हणायचं होतं."

एकदा एका उंच मुलानं तक्रार केली, "बाई, ही खुर्ची डुगडुगते. धड बसताच येत नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची बाजू मांडताना माणसानं फार आरामात बसू नये."

तेव्हा मला कळलं, ती चकती बाईंनी का घालू दिली नव्हती.

बाईंना दोन मुलं. मोठा मुलगा मितभाषी. त्याच्या पाठीवरची मुलगी मात्र सूत काढणाऱ्या टकळीसारखी अखंड गरगरत बोलायची, म्हणून तिला सगळे टकळीच म्हणत. भांडण झालं की दोघांनाही माझ्यापुढं आणलं जाई. सायकलवर आधी कोण बसणार यावरून एकदा मोठी मारामारी झाली. टकळी मुसमुसत माझ्यावर चढली. तिचे पाय जमिनीला पोहोचत नव्हते.

"बोल," बाई म्हणाल्या. "आता तू दादा आहेस."

टकळीनं नाक पुसलं. "मी दादा आहे. आणि मी मूर्ख आहे."

"ही बाजू नव्हे, ही शिवी झाली. पुन्हा."

"मी दादा आहे. मला... मला उशीर होत होता. आणि हिनं काल पण आधी घेतली होती." एवढं बोलून ती रागानं म्हणाली, "आई, ही खुर्ची लबाड आहे. हिच्यावर बसलं की माझं खोटं होतं!"

दादा कोपऱ्यात उभा राहून हसत होता. त्यालाही नंतर बसावं लागलं, तेव्हा त्याचं हसू मावळलं.

किती छान दिवस होते ते, मित्रांनो! टकळी खिडकीतून पंपवाल्याला हाक मारायला माझ्या बैठकीवर उभी राहायची, आणि माझा जीव कासावीस व्हायचा. एक पाय आखूड, त्यात हिचं उड्या मारणं. मी आपली तीन पायांवर सगळा भार तोलून धरायची. आईला नुसती भीती वाटून भागत नाही. तिला त्या भीतीसकट उभं राहावं लागतं. हे मला खुर्ची असून तेव्हाच कळलं होतं.

वर्षं गेली. बाईंचं सुनावणीवरचं पुस्तक निघालं. सुनावणी म्हणजे माणसाचं म्हणणं ऐकून घेणं. लांबलांबचे न्यायाधीश ते पुस्तक उघडून बघत. बाईंच्या सत्काराच्या दिवशी, माझ्यावर बसून घामाघूम झालेला तो उंच विद्यार्थी, आता नावाजलेला वकील, व्यासपीठावरून म्हणाला, "बाईंनी आम्हांला कायदा शिकवला हे अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा त्यांच्या खुर्चीनं शिकवला." हे बाईंनी घरी येऊन मला सांगितलं. म्हणजे सांगितलं नवऱ्याला, पण हात माझ्या पाठीवर होता. त्या दिवशी माझा वेत दोन बोटं वर आला असेल.

मग मुलं मोठी झाली. दादा परगावी गेला. टकळीचं लग्न झालं, नोकरी लागली, आणि तिला मुलगी झाली. ती छकुली. बाईंचे यजमान तोवर राहिले नव्हते. रविवारचे विद्यार्थीही कमी झाले. माझ्यावर बसणारं उरलं नाही, तशी माझ्यावर वर्तमानपत्रं, शाल, छकुलीची दुपटी असं काहीबाही येऊन पडू लागलं.

आणि मग ती बातमी आली. शहराच्या पलीकडच्या टोकाला एका पाळणाघरात कढत पाणी सांडून दोन बाळं भाजली होती. पाळणाघर चालवणारी बाई दाराशी कुणाशी तरी बोलत उभी होती म्हणे. बाळं वाचली, पण बातमी घराघरांतल्या आयांच्या काळजात जाऊन बसली. लोक चिडले. सरकारनं पाळणाघरांसाठी नियम करायला एक समिती नेमली आणि समितीत बाईंना घेतलं. पाळणाघर बंद कधी आणि कसं करायचं, तेवढं कलम बाईंनी लिहायचं होतं.

टकळी त्या दुपारी छकुलीला कडेवर घेऊन आली. तिची झोप उडालेली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"आई, मी कचेरीत बसते आणि मला सारखं कढत पाणी दिसतं. दर तासाला छकुलीच्या पाळणाघरातल्या मावशींना फोन करते. त्या बिचाऱ्या कंटाळल्या असतील. पण मी काय करू?"

"अगं, तुझ्या मावशी चांगल्या आहेत ना?"

"चांगल्या आहेत गं. पण त्या दुसऱ्या बाईंबद्दलही लोक तसंच म्हणत असतील. तू असं लिही, की तपासायला आलेल्या माणसाला जरा जरी संशय आला, तरी त्यानं त्याच क्षणी कुलूप लावावं. नोटीस, सुनावणी काही नको. तेवढ्यात एखादं मूल जायचं."

बाईंनी छकुलीकडं पाहिलं. छकुली माझा आखूड पाय धरून उभं राहायची खटपट करत होती. बाईंनी मग माझ्याकडं पाहिलं. मी मनात म्हटलं, आता दुपटी उचलतील, आता म्हणतील, "टकळे, बस."

पण बाई म्हणाल्या, "खरंय तुझं. आणि समोरच्या बाजूचं मला नवीन काय कळणार आहे? इतकी वर्षं मांडून मांडून तोंडपाठ झालीय ती."

त्यांनी हातातली शाल माझ्यावर टाकली, टेबलाशी बसल्या आणि कलम लिहून काढलं. निरीक्षकाला धोका वाटला तर त्यानं पाळणाघर तत्काळ बंद करावं. बस. जिनं सुनावणीवर पुस्तक लिहिलं, तिच्याच कलमात सुनावणी नव्हती. मित्रांनो, ज्याला पोहता येतं तोच बुडतो म्हणतात. तसंच हे. नवख्या माणसाला आपल्याला ठाऊक नाही हे ठाऊक असतं. बाईंना वाटलं, आपल्याला पाठ आहे.

नियम लागू झाला. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. टकळीला थोडी झोप येऊ लागली.

काही महिने गेले असतील. एका सकाळी जिन्यात धावती पावलं वाजली. टकळी कचेरीच्या कपड्यांत, केस विस्कटलेले, कडेवर छकुली. छकुलीचं रडून रडून नाक लाल झालेलं.

"आई, मावशींच्या पाळणाघराला कुलूप लावलं."

बाईंच्या हातातलं पुस्तक मिटलं. "काय झालं? मुलांना काही..."

"मुलांना काही नाही! वरच्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली. रडण्यानं त्यांची दुपारची झोप मोडते म्हणे. पण झोप मोडते म्हणून कोण येणार? म्हणून लिहिलं, घाण आहे, धोका आहे. निरीक्षक आला, पाच मिनिटं आत फिरला आणि सगळ्या पोरांना बाहेर काढलं. झोपलेल्यांनासुद्धा. छकुली झोपली होती, आई. तिला उठवून जिन्यात बसवलं."

"मावशींनी काही सांगितलं नाही?"

"सांगत होत्या ना! तो म्हणाला, बाई, मला नियमात दाखवा, तुमचं ऐकायचं असं कुठं लिहिलंय? तुमचं ऐकत बसलो आणि उद्या काही झालं, तर माझी नोकरी जाईल. त्याचं तरी काय चुकलं? पण असा कसा नियम? बोलू न देता माणसाचं घर बंद करायचं? कुणी लिहिलाय हा..."

टकळी थांबली. जन्मात ती पहिल्यांदाच वाक्याच्या मधे थांबली असेल.

"मीच सांगितलं होतं तुला," ती हळूच म्हणाली.

"तू घाबरलेली आई होतीस. तुझं काम घाबरायचं होतं. माझं काम विचारायचं होतं." बाई उठल्या. शाल, वर्तमानपत्रं, दुपटी, सगळं उचलून त्यांनी जमिनीवर ठेवलं, आणि कितीतरी वर्षांनी स्वतः माझ्यावर बसल्या. त्यांचं वजन कमी झालं होतं. मला ते लगेच जाणवलं.

"मी पाळणाघर चालवते," बाईंनी सुरुवात केली. "ते माझं उपजीविकेचं साधन आहे. ते हिरावून घेण्याआधी..." आणि त्या अडखळल्या. पुन्हा म्हणाल्या, "मी पाळणाघर चालवते. मी सकाळी..."

पुढं काही येईना.

"टकळे, त्या सकाळी उठून काय करतात गं? घरी कोण कोण आहे त्यांच्या? मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. मी पुस्तकातलं बोलतेय."

माझ्या हातांवर त्यांची बोटं घट्ट झाली. अगदी त्या जुन्या कठड्यासारखी. मग त्या म्हणाल्या, "आपण एक विचित्र गोष्ट करत आलो बघ. या खुर्चीत बसून आजवर सगळ्यांनी दुसऱ्याची बाजू मांडली. तो दुसरा मात्र इथं कधीच बसला नाही."

त्याच दिवशी दुपारी मावशी आल्या. टकळीच बोलावून घेऊन आली. ठेंगण्या, जाडसर, पदर खोचलेला. घरात घुसल्या घुसल्या आधी छकुलीला उचललं, मग बाईंना नमस्कार केला. छकुलीचं रडं गळ्यातच थांबलं. बाईंनी त्यांना माझ्यावर बसायला सांगितलं. मी डुगडुगले तशा मावशी म्हणाल्या, "अगं बाई! हिचा पण तपास करून घ्या आधी."

"नियम मी लिहिला, मावशी," बाई सरळच म्हणाल्या.

मावशींनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. "तुम्ही होय? अक्षर चांगलं असेल तुमचं. दारावरचा कागद छापील होता, म्हणून ओळख पटली नाही."

टकळीनं मान खाली घातली. बाईंनी मात्र नजर हलवली नाही. "तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले होते. पण ज्याला विचारायचा, त्यालाच तो विचारलेला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मावशी आधी रागावल्या. मग वरच्या काकांचा उद्धार केला. "त्यांना म्हटलं, काका, तुम्ही पण लहानपणी रडलाच असाल. तर म्हणतात, मी नाही रडलो!" मग सांगितलं, नवरा अंथरुणाला खिळलाय, म्हणून बाहेर नोकरी करता येत नाही, आणि म्हणूनच पाळणाघर. आणि मग, कुणी विचारलं नसताना, त्या म्हणाल्या, "पण एक खरं सांगते. माझ्या स्वयंपाकघराला दार नाही. रांगतं पोर सरळ आत जाऊ शकतं. मी डोळ्यांत तेल घालून बसते, पण डोळा कधी लागतो सांगावं? मलाच भीती वाटते त्याची. त्या माणसानं हे बघितलंच नाही. घाण घाण करत गेला. बोलू दिलं असतं, तर मीच दाखवलं असतं."

मग टकळी एकदम म्हणाली, "मावशी, मी रोज छकुलीला सोडायला येते. तिथं दार नाही, हे मलाही दिसलं नाही."

"तुम्ही घाईत असता, ताई."

त्यानंतर बाई कामाला लागल्या. आपलंच कलम चुकलं, असा लेख त्यांनी कायद्याच्या मासिकासाठी लिहायला घेतला. महाविद्यालयातले लोक पाठीमागं कुजबुजले, की म्हातारपणी बाईंना स्वतःचंच घर पाडायची हौस आली. समितीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "अहो, लोक हसतील. तुमच्याच पुस्तकातला उतारा तुमच्याच कलमाविरुद्ध?"

"हसू द्या," बाई म्हणाल्या. "पुस्तक माझंच आहे, परवानगी लागणार नाही."

लेख सोपा नव्हता. बाईंनी लिहिलं, की आधी नोटीस द्यावी, मग म्हणणं ऐकावं, मगच कुलूप. टकळी ते वाचून तडक माझ्यावर येऊन बसली.

"आता मी त्या भाजलेल्या बाळाची आई आहे," ती म्हणाली. "तुमची नोटीस टपालात असेल, तेव्हा माझं बाळ त्या घरात असेल. त्याचं काय?"

बाईंनी लेखणी खाली ठेवली. दोघी किती वेळ भांडल्या! चहा निवला, पुन्हा केला, पुन्हा निवला. कधी एक माझ्यावर, कधी दुसरी. छकुली आमच्या भोवती जमिनीवर खेळत होती, आणि मी माझा आखूड पाय तिच्या बोटांवर येऊ नये म्हणून अंग चोरून उभी होते. शेवटी जे उतरलं ते असं. मुलांना खरोखर धोका असेल, तर निरीक्षकानं आधी कुलूप लावावं. पण का लावलं ते दारावर लिहावं. आणि लगेच, त्याच आठवड्यात, चालवणाऱ्या बाईंचं आणि आयांचं म्हणणं दुसऱ्या अधिकाऱ्यानं ऐकावं. जिनं कुलूप मागितलं ती आणि जिला कुलूप लागलं ती, दोघींचीही बाजू त्यात होती.

लेख छापून आला. समिती पुन्हा बसली, बरीच कुरकुर झाली, आणि कलम बदललं. बदलेपर्यंत मावशींचं पाळणाघर बंदच होतं. त्यांनी त्या दिवसांत कुठंकुठं धुणीभांडी केली. छकुलीला टकळी बाईंकडं सोडायची. ते दिवस मला गोड लागले, पण मावशींना ते फार कडू गेले, हे मी विसरत नाही.

मग एके दिवशी मावशी पेढे वाटायला निघाल्यासारखा चेहरा करून जिना चढून आल्या. सुनावणी झाली होती. अधिकाऱ्यानं विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" आणि घोकून नेलेलं सगळं त्या विसरल्या. पाणी प्यायल्या. मग आधी स्वयंपाकघराच्या दाराचंच बोलल्या. सुतार सांगून ठेवलाय, अर्धं दार बसवते, म्हणाल्या. टकळी आणि आणखी चार आया बरोबर गेल्या होत्या. त्याही बोलल्या. काकासुद्धा आले होते. त्यांचंही ऐकलं. दुपारी मुलांना मागच्या खोलीत निजवायचं ठरलं. अर्धं दार बसलं आणि कुलूप निघालं. गेलेल्या मुलांपैकी काही परत आली नाहीत. ती दुसरीकडं रुळली होती. "चालायचंच," मावशी म्हणाल्या, पण ते म्हणताना त्यांनी खिडकीकडं तोंड केलं.

बाईंनी माझ्याकडं हात केला. "बसा ना, मावशी."

मावशी दोन पावलं मागं सरल्या. "नको हो, बाई! तिच्यावर बसलं की खरं बोलावं लागतं. आज मी नुसती चहा प्यायला आलेय." आणि बाईंच्या गादीच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. बाई मग नाइलाजानं माझ्यावर बसल्या, आणि दोघी इतक्या हसल्या, की खालचा पंपवाला वर बघायला लागला.

आता बाई नाहीत. खोली रिकामी केली तेव्हा पुस्तकं महाविद्यालयात गेली आणि मी टकळीच्या घरी आले. माझा वेत सैल पडलाय. धुऊन वाळलेले कपडे घडी होईपर्यंत माझ्यावर पडलेले असतात. छकुली आता उंच झालीय. ती येता-जाता दप्तर भिरकावते, ते नेमकं माझ्यावर येतं. मी तक्रार करत नाही. माझं म्हणणं कुणी विचारलेलं नाही.

पण मित्रांनो, तुम्ही इतका वेळ ऐकलंत, म्हणून सांगते. खुर्चीचा वेत वर्षा-दोन वर्षांनी ओला करून ताणून घ्यावा, नाहीतर तो खचतो. माणसाच्या ऐकण्याचंही तसंच असतं. आपल्याला सगळं पाठ आहे असं वाटलं, की ते खचायला लागतं. बाईंसारख्या बाईंचंही खचलं, मग आपलं काय घेऊन बसलात? तुम्ही उद्या मोठे व्हाल, नियम कराल, वर्गाचे, घराचे, कदाचित देशाचेही. जरूर करा. घाबरलेल्या आयांसाठी ते लागतात. फक्त कुणाचं दार बंद करण्याआधी त्याच माणसाला आत बोलवा आणि बसायला सांगा.

कुलूप लावायला एक हात पुरतो. ऐकायला दोन माणसं लागतात, आणि एक खुर्ची. खुर्ची जुनी असली तरी चालेल.